मैनेच्या खांद्यावरचं पांढरं

टक्, टक्, टक् आणि मग भप्प. गॅसचा गिझर पेटल्याचा हा आवाज. आषाढात सकाळी सातच्या सुमाराला तो आमच्या घरामागच्या परड्यातून येतो आणि माझ्या हातातली भाकरी तव्याच्या वरच थांबते. बाहेर चार दिवसांची झड लागलेली असते. उसाच्या पानांवर पाऊस वाजत असतो, पत्र्यावरून पाणी गळत असतं, गोठ्यात म्हशी पाय आपटत असतात, आणि एवढ्या गलक्यातून मला नेमका तेवढाच आवाज ऐकू येतो. धाकटीनं मैनेला आत घेतलं, हे न बघता कळतं. आता ती पाण्यात काचेची नळी बुडवून पाणी किती ऊन आहे ते बघेल, मग पुढच्या डाव्या पायापासून सुरुवात करील. मी भाकरी टाकते, पण एक बाजू करपते.

खोटं कशाला बोलू, हा दुसरा आषाढ, तरी करपते.

धाकटी म्हणजे माझी धाकटी जाऊ प्रणाली, उदयभावजींची बायको. मैना ही आमची घोडी, तांबूस तपकिरी अंगाची, काळ्या आयाळीची. आणि तो गिझर मैनेसाठी आहे. मुरगूडच्या अलीकडं, वेदगंगेच्या काठाला आमचं गाव. तिथं आमच्या घरात माणसं अजून तांब्याच्या बंबातल्या पाण्यानं अंघोळ करतात आणि घोडी गिझरच्या.

परड्यात पूर्वी आम्ही जिथं कडबा रचायचो तिथं धाकटीनं ही घोड्यांची न्हाणी उभी केली. पश्चिमेला भिंत घातली, कारण आषाढातला वारा तिकडून येतो. खाली खरखरीत कोबा, पाणी वाहून जायला उतार, वर रबराची जाड चटई. गार आणि ऊन पाणी एकत्र करायची तोटी, लांब नळी, नळीच्या टोकाला झारीसारखं तोंड. आणि डोक्यावर साखळ्यांना टांगलेले चार तांबडे दिवे. कोंबडीच्या पिल्लांना ऊब द्यायला लावतात तसले, पण मोठे. घोडं धुऊन झालं की पट्टीनं अंगावरचं पाणी ओढून काढायचं, पांढऱ्या टॉवेलनं पुसायचं आणि वीस मिनिटं त्या दिव्यांखाली उभं करायचं. शिवाय गरम वारा सोडणारं एक यंत्र आहे. सलूनवाल्याकडं केस वाळवायला असतं त्याचा थोरला भाऊ.

ह्या घरात मी लग्न होऊन आले तेव्हापासून सगळ्यांत शेवटी अंघोळ करते. बंबाच्या तळाला उरलेलं कोमट पाणी घ्यायचं, दोन तांबे ओतून घ्यायचे आणि ओल्या केसांना पंचा गुंडाळून चुलीपुढं बसायचं. आषाढात माझे केस संध्याकाळपर्यंत ओले असायचे. त्या ओल्या केसांनी मी बालवाडीतल्या पोरांना गाणी शिकवून यायचे आणि घरी येऊन शिंकत बसायचे. मला कुणी तांबड्या दिव्याखाली वीस मिनिटं उभं केलं नाही. आता तुम्हीच सांगा, घोडीचा हेवा वाटला तर माझं काय चुकलं?

पण हे मी चारचौघांत हसून सांगते. जो हेवा हसून सांगता येतो तो काही फार खोल नसतो. खरा हेवा वेगळा होता आणि तो कुणाला सांगण्यासारखा नव्हता.

मैना मी वाढवलेली. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, वरातीला न्यायला म्हणून एक घोडी घेतली होती. ती शिंगराला जन्म देऊन चौथ्या दिवशी गेली. शिंगरू म्हणजे नुसते पाय, त्या पायांवर कसंबसं ठेवलेलं अंग. माझी एकुलती लेक त्याच पावसाळ्यात शिकायला पुण्याला गेली होती. घरात दोन वेण्या घालायच्या राहिल्या नव्हत्या, डबा करायचा राहिला नव्हता. मी शेळीचं दूध बाटलीत भरून त्या शिंगराच्या तोंडात धरायला लागले. दर दोन तासांनी. मालक, म्हणजे माझे यजमान, म्हणाले, "खुळी झालीस काय? जगायचं न्हाय ते." ते जगलं. तिचं नाव मैना मीच ठेवलं.

मग तिचे पावसाळे माझे झाले. रानातून आली की गुडघ्यापर्यंत चिखल. मी बंबात उसाचं पाचट सारायचे, धुरानं डोळे चुरचुरायचे. पाणी तापलं की बादलीत कोपर बुडवून बघायचे, तान्ह्या पोराच्या पाण्याला बघतात तसं. पायावरचा चिखल बोटांनी सोडवायचा, पोत्यानं अंग चोळायचं, जुन्या सुती लुगड्यानं पुसायचं आणि मग वाळल्या गवताचा बोळा करून केसांच्या दिशेनं घासत राहायचं, तिच्या पाठीवरून वाफ निघेपर्यंत. पाचटाचा धूर, ओलं पोतं आणि घोड्याचं अंग, ह्या तिन्हींचा मिळून एक वास होतो. तो माझ्या साड्यांतून जायचा नाही. बालवाडीतलं एक पोरगं मांडीवर बसलं की हुंगायचं आणि म्हणायचं, बाई घोडा. मला ते आवडायचं.

चार वर्षांपूर्वी धाकटी आली. नेसरीकडची, उंच, सडपातळ, आवाज खणखणीत. पुण्यात घोडेस्वारी शिकवतात तिथं दोन वर्षं काम करून आलेली. पहिल्याच आठवड्यात तिनं मैनेवर खोगीर चढवलं आणि उसाच्या बांधानं तिला दुडक्या चालीनं फिरवून आणली. मी इतकी वर्षं मैनेला हातानं धरून नेलं होतं, पाठीवर कधी बसले नव्हते. आमच्याकडं बायका बसत नाहीत, असं मला वाटायचं. ही बसली आणि कुणी काही म्हणालंही नाही. मामंजी तर खुर्ची पुढं ओढून बघत बसले.

"आक्का, लई गुणाची हाय ओ तुमची घोडी," ती उतरून म्हणाली. तिच्या माहेरी थोरल्या बहिणीला आक्का म्हणतात, तसं ती मला म्हणते. "मी रोज नेतो हिला फिरवाय."

मी इथं शाळेच्या भाषेत गेले-आले लिहिते आहे खरी, पण आम्ही कोल्हापूरच्या बायका बोलताना जातो-येतोच म्हणतो. तीही तशीच, मीही तशीच. एवढी एक गोष्ट आमच्या दोघींची सारखी.

पुढं उदयभावजींनी आणखी दोन घोडे आणले. रविवारी कोल्हापुरातनं पोरं घोड्यावर बसायला शिकायला येऊ लागली. आणि त्याच वर्षी पावसाळ्यात मैनेच्या पायांना खपल्या धरल्या. खुराच्या वर केसांत कडक खपल्या, हात लावला की पाय झटकायची. गुरांचे डॉक्टर आले. त्यांनी माझा बंब बघितला, पोतं बघितलं, लुगडं बघितलं.

"ऊन पाण्यानं धुताय ते बरंच हाय," ते म्हणाले. "पण धुण्यापेक्षा वाळवणं महत्त्वाचं. तुमचं वाळत न्हाय."

तुमचं वाळत न्हाय. किती साधं वाक्य. ते बॅग घेऊन गेलेसुद्धा, आणि मी दिवसभर ते चघळत बसले. माझ्याकडं बघून म्हणाले ना ते? धाकटी तर शेजारीच उभी होती. तिच्याकडं बघून का म्हणाले नाहीत?

पुढच्या पावसाळ्याआधी न्हाणी तयार झाली. गवंड्याला उतार कसा द्यायचा ते धाकटीनं पाण्याचा तांब्या ओतून दाखवलं. दिवे किती उंच टांगायचे ते मैनेला खाली उभी करून, स्वतःचा हात तिच्या पाठीवर ठेवून, ऊब मोजून ठरवलं. मी चहा नेऊन देत होते आणि मनात म्हणत होते, ह्यात एखादी तरी चूक कर गं बाई. तिनं केली नाही.

पहिल्यांदा मैनेला त्या दिव्यांखाली उभी केली तो दिवस मला लख्ख आठवतो. ज्येष्ठ सरत आला होता. धुऊन पुसून झालं, दिवे लागले, सगळी न्हाणी तांबडी झाली. मैनेनं आधी कान मागं घेतले. मग एक मागचा पाय सैल सोडला. मग डोळे अर्धे मिटले. आणि मग तिचा खालचा ओठ हळूहळू सुटला आणि लोंबायला लागला. घोडं अगदी निर्धास्त झालं की त्याचा ओठ असा लोंबतो.

"आक्का, बघा की तिचा ओठ," धाकटी हळूच म्हणाली. "झोपाय लागली."

"दमली असंल," मी म्हणाले.

माझ्या हाताखाली ती शांत उभी राहायची. मान खांद्यावर टेकवायची, पदर चावायची. पण ओठ? मी बाटलीनं दूध पाजलेली, मी बोळ्यानं घासून वाफ काढलेली, माझ्यापुढं तिचा ओठ असा कधी सुटला नव्हता. मी वळून स्वयंपाकघरात आले आणि उगीचच भांडी घासली. घासलेलीच परत घासली.

मग मी खुसपटं काढायला लागले. नळी लई जोरात सोडलीस. ह्या साबणाचा वास बघ, घोडी हाय का नवरी. वीज गेली की काय करशील गं? ती प्रत्येकाला उत्तर द्यायची, आणि उत्तर बरोबर असायचं. आजूबाजूच्या गावांतनं माणसं न्हाणी बघायला यायची, दिव्यांकडं तोंड वर करून उभी राहायची आणि वाहवा करायची. तेव्हा ती म्हणायची, "आक्कांनीच वाढवलीया हिला. बाटलीनं दूध पाजून." सगळे माझ्याकडं कौतुकानं बघायचे. त्याचाही मला राग यायचा. माझं कौतुकसुद्धा आता हिनंच वाटायचं का?

मग बेंदूर आला, आमच्याकडचा बैलांचा सण.

आमच्याकडं बेंदराच्या आदल्या दिवशी खांदमळणी असते. वर्षभर जू वाहिलेले बैलांचे खांदे ऊन पाण्यानं शेकायचे आणि हळद-तेल लावून मळायचे. आमच्या घरातले शेवटचे बैल गेले, ट्रॅक्टर आला, आणि खांदमळणीची पितळी वाटी फळीवर तशीच राहिली. बैल गेले त्या वर्षी मी ती मैनेपुढं नेली. मामंजी हसले. "घोडीच्या खांद्यावर कुठं जू असतंय गं?" पण त्यांनी नको म्हटलं नाही. तेव्हापासून दर बेंदराला मैनेची खांदमळणी मी करते. हळद कुटलेली घरची, तेल शेंगदाण्याचं. उजव्या खांद्यापासून सुरू करायचं, मानेच्या बुडापर्यंत जायचं, मग डावा. ते काम माझं होतं. घरात कुणी ते कधी मागितलं नव्हतं, मला कधी कुणी दिलंही नव्हतं, पण माझं होतं.

गेल्या वर्षी बेंदराच्या दोन दिवस आधी धाकटी म्हणाली, "आक्का, यंदा तेल नगं लावाय."

"का?"

"तेलावर चिखल धरतोय. आनि दुसरं म्हंजे त्या दिव्यांच्या..."

पुढचं मी ऐकलंच नाही. बादली उचलली आणि चालू लागले. माझ्या कानात 'नगं' एवढाच शब्द राहिला होता. तिच्या माहेरी कर्नाटकी बेंदूर, तो महिनाभर आधीच होऊन गेलेला. ही आपला सण करून मोकळी झाली आणि आता मला माझ्या सणात काय करायचं ते सांगते, असं माझं डोकं चाललं होतं. ती मागून "आक्का, आवो ऐका तरी" म्हणत होती. मी म्हशीला हाका मारल्या.

खांदमळणीच्या दिवशी दुपारी धाकटी आणि उदयभावजी औषधं आणायला मुरगूडला गेले. मामंजी आडवे झाले होते, मालक रानात. मी फळीवरची वाटी काढली. हळद घातली, तेल घातलं, बोटानं कालवलं आणि पदराखाली धरून मैनेकडं गेले. माझ्याच घरात, माझ्याच घोडीकडं, चोरासारखी. तिनं मला बघून फुरफुर केली. पदरात काय आहे ते हुंगलं.

माझ्या बोटांना तिचा खांदा पाठ आहे. कुठं स्नायू जाड, कुठं हाड वर येतं, कुठं दाबलं की ती सुस्कारा टाकते. मी अंगठ्यानं गोल गोल मळत गेले. तेल केसांत मुरत गेलं. ढगाळ उजेडात तिच्या काळपट तांबड्या अंगावर हळद दिसतही नव्हती, नुसतं ओलं दिसत होतं, आणि आषाढात सगळंच ओलं असतं. मी तिच्याशी बोलत होते. काय काय बोलले ते इथं लिहिणार नाही, पण त्यात धाकटीचं नाव बरंच आलं. उजवा खांदा झाला. डाव्याला हात घालणार तोच रस्त्यावर गाडीचा आवाज आला. मी वाटी पदराखाली लपवली आणि स्वयंपाकघर गाठलं.

पुढं जे झालं ते मी चुलीपुढं बसून ऐकलं. मी कडबू करत होते, पुरण भरून कडा दाबत होते. धाकटीनं मैनेला न्हाणीत नेलं. त्या दिवशी तिनं फक्त पाय धुतले, अंगावरून टॉवेल फिरवला, आणि नेहमीसारखे दिवे लावून दुसऱ्या घोड्याचे पाय धुवायला घेतले. थोड्या वेळानं मैनेनं खूर घासायला सुरुवात केली. कोब्यावर खर्र, खर्र. मला ऐकू येत होतं. आणि मी काय केलं सांगू? मी मनात म्हणाले, बघ. आज खांद्यावर माझा हात फिरलाय, तर तुझा दिवा नको झालाय तिला. मला आनंद झाला. मी आणखी एक कडबू भरला.

मग बादली उडाल्याचा आवाज आला आणि धाकटीची हाक आली. मी धावले. मैना दोरीला हिसडे देत होती. दिवे बंद केलेले होते, आणि तिच्या उजव्या खांद्यावर मी हात ठेवला तर तेलकट आणि कढत. दिव्यांची ऊब कोरड्या केसांना सोसते. तेलानं थापलेल्या केसांखाली कातडी भाजून निघाली होती.

दोन दिवसांत फोड आले, मग केस गेले. तळहाताएवढी लाल जागा उघडी पडली. डॉक्टर म्हणाले, उष्णतेनं झालंय, दिवे खाली आले असतील. धाकटी स्टुलावर चढून साखळ्या बघून आली. "हाय तिथंच हाईत," ती म्हणाली, पण आवाज खणखणीत नव्हता. मामंजी काठी आपटत परड्यात आले. इतक्या वर्षांत मी त्यांना सुनेवर ओरडताना ऐकलं नव्हतं.

"काढ ते दिवं, बंद कर ही न्हाणी. जनावर हाय ते, कोंबडीचं पिल्लू न्हवं."

"चुकलं माझं, मामंजी," धाकटी म्हणाली.

मी तिथंच उभी होते. एक वाक्य पुरेसं होतं. मी तेल लावलं होतं. चार शब्द. ते माझ्या जिभेवर आले आणि मी गिळले. धाकटीनं स्टुलावर उभं राहून एकेक दिवा उतरवला, वायर गुंडाळली, सगळं खोक्यात भरलं. मी मदतीला गेले नाही. त्याआधी बेंदराला मी दोन कडबू जास्त खाल्ले होते, हेही लिहून टाकते.

आणि मग श्रावण मला परत मिळाला. न्हाणी बंद, गिझर बंद. बंब पेटला, पाचट आलं, पोतं आलं. धाकटी सकाळ-संध्याकाळ मैनेच्या खांद्याला मलम लावायची आणि बाजूला व्हायची. "पाय तुमी बघा, आक्का," म्हणायची. मी कोपर बुडवायचे, चिखल सोडवायचे, बोळा फिरवायचे. पाऊस पत्र्यावर वाजत असायचा आणि घोडी माझी असायची. हेच तर मला हवं होतं. पहिले आठ दिवस मी गुणगुणत काम केलं.

पण आता घोडे तीन होते, पाय बारा. पाचट भिजलेलं, नुसता धूर. तिसऱ्या घोड्याशी पोचेपर्यंत पाणी गार. पोती वाळायची नाहीत, लुगडी वाळायची नाहीत. ओल्या कापडानं ओला पाय पुसून मी काय वाळवत होते ते देवालाच ठाऊक. श्रावण अर्धा झाला आणि मैनेच्या मागच्या पायाला खपली धरली. मग दुसऱ्या. मग एका सकाळी ती पाय टेकेना. मी तिच्या खुराशी उकिडवी बसले, पाय मांडीवर घेतला. केसांतून पू येत होता आणि ती थरथरत होती. मान वळवून तिनं माझ्याकडं बघितलं, पाय ओढून घेतला नाही. अजूनही तिचा माझ्यावर भरवसा होता. तो बघून मला स्वतःची जी किळस आली तिला तोड नाही. खांदा माझ्या तेलानं गेला होता, आता पाय माझ्या गप्प बसण्यानं चालले होते.

मी तशीच उठून मामंजींपुढं गेले. "मामंजी, दिवं लावूया परत."

"भाजलं की तिला त्यानं."

"परत न्हाय भाजायचं."

"तुला काय ठाऊक?"

"ठाऊक हाय मला," एवढं म्हणाले आणि आत आले. पुढचं त्या दिवशीही तोंडातून निघालं नाही. धाकटीनं संध्याकाळच्या आत दिवे टांगले. मला काही विचारलं नाही.

पाय बरे झाले. खांदाही भरला. दिवाळीपर्यंत तिथं केस आले, आणि ते पांढरे आले. घोड्याची जखम भरली की केस कधी कधी पांढरा उगवतो. तांबड्या अंगावर तळहाताएवढं पांढरं, बरोबर जिथं माझा तळहात फिरला होता तिथं. रविवारची पोरं त्याला मैनेची चांदणी म्हणतात. येणारा प्रत्येक माणूस विचारतो, हे जन्माचं काय? आणि धाकटी प्रत्येकाला सांगते, व्हय, जन्माचंच. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, दिव्यांचं नाव खराब होऊ नये म्हणून थाप मारते आहे. हिशेबी आहे बाई, असंही म्हणून घेतलं. तेव्हापासून मी ते उत्तर ऐकत राहिले आणि दर वेळी माझी मान खाली गेली.

यंदाचा आषाढ आला. काल खांदमळणी होती. मी फळीवरची वाटी खाली काढली नाही. दुपारी कुरुंदवाडहून एक पाहुणे आले, घोडी बाळगणारे. नदीकाठची ओल, त्यांच्याही घोड्यांच्या पायांना खपल्या. तसली न्हाणी बांधायची म्हणून बघायला आले होते. धाकटी त्यांना उतार दाखवत होती. मामंजी खुर्चीवर बसले होते. मी चहा घेऊन गेले. मैना न्हाणीत उभी होती, पाय नुकतेच धुतलेले.

पाहुण्यांनी तिच्या मानेवरून हात फिरवला, आणि तो खांद्याशी थांबला.

"हे पांढरं जन्माचं काय?"

"व्हय, जन्माचंच," धाकटी म्हणाली.

माझ्या हातात चहाचा ट्रे होता. मी तो कट्ट्यावर ठेवला.

"न्हाय, पावणं," मी म्हणाले. "माझ्यामुळं झालंय ते. हिनं तेल नगं म्हणून सांगितलं हुतं. मी चोरून लावलं, आनि हिनं न कळता दिव्याखाली उभी केली. दिव्यांची चूक न्हवती. हिची बी न्हवती."

पाहुणे कावरेबावरे झाले. चहा उचलून घेतला. मामंजी धाकटीकडं वळले.

"तुला ठाऊक हुतं?"

"टॉवेल पिवळा झालता, मामंजी," ती म्हणाली. "दिवं बंद केल्यावर दिसलं मला."

तिनं पत्र्याचं कपाट उघडलं. सगळे टॉवेल पांढरे, आणि अगदी खाली एक घडी घातलेला, त्याच्यावर हळदीचा फिकट डाग. धुऊन धुऊन फिकट झालेला. तो तिनं माझ्या हातात दिला. "ह्यो घ्या, आक्का. ह्यो पिवळा झालाच हाय. वाटी आणा जावा, आज दिवं लावत न्हाय मी."

म्हणजे त्या पहिल्या दिवसापासून तिला माहीत होतं. स्टुलावर चढून दिवे उतरवत होती तेव्हाही, चुकलं माझं म्हणत होती तेव्हाही. एवढे महिने जन्माचं, जन्माचं म्हणत होती ते माझ्यासाठी. मी तिथं टॉवेल धरून उभी राहिले, आणि मला आधी लाज वाटायला हवी होती. ती नंतर आली. आधी आला तो हेवाच. एवढं पोटात ठेवून हसतमुखानं राहायचं हिला कसं जमलं? मला जन्मात जमलं नसतं.

"बरं," मामंजी म्हणाले. "कडबू कवा हुत्यात?"

मी वाटी आणली. धाकटीनं बादली भरली आणि काचेची नळी बाजूला ठेवली. "कोपर घालून बघा की, बेतात हाय काय." मी बघितलं. होतं. उजव्या खांद्याशी मी उभी राहिले, डाव्याशी तिला सांगितलं. अंगठा कसा फिरवायचा ते दाखवावं लागलं. तिला ते येत नव्हतं, आणि त्याचं मला बरं वाटलं. बाहेर झड चालू होती. आम्ही दोघी मळत राहिलो. थोड्या वेळानं मैनेनं एक पाय सैल सोडला, डोळे अर्धे मिटले, आणि तिचा ओठ सुटून लोंबायला लागला. दिव्यांशिवाय.

कुणाच्या हातानं सुटला, माझ्या की तिच्या, ते कळायला काही मार्ग नव्हता. तरी मी दोनदा वाकून पलीकडं बघितलं.